शाळेतील दुसरी खुर्ची कोणाची?

जेसल पार्क (भाईंदर पूर्व), खास प्रतिनिधी

सकाळी सातच्या सुमारास भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कमध्ये रस्त्यावर दोन प्रकारची माणसे दिसतात. एक स्थानकाकडे धावणारे नोकरदार आणि दुसरी पाठीवर दप्तर घेतलेली मुले. आईवडील लोकल पकडून मुंबईत जातात आणि दिवसाचा निम्मा वेळ मुलाची जबाबदारी शाळेवर येऊन पडते. या वेळात मूल आजारी पडले, मधल्या सुट्टीत कोणाचे डोके फुटले किंवा मुलाला न्यायला अनोळखी माणूस फाटकाशी आला, तर निर्णय कोणी घ्यायचा? ‘मोठ्या बाई’ किंवा ‘मोठे सर’ असे त्याचे उत्तर तयार असते. परंतु मोठ्या बाई त्या दिवशी शिक्षण विभागाच्या बैठकीला गेल्या असतील तर? महापालिकेच्या प्राथमिक शाळांच्या बाबतीत या दुसऱ्या प्रश्नाला नियमांत नेमके उत्तर नाही. शाळेतील पहिली खुर्ची कोणाची, यावर आपल्याकडे भरपूर चर्चा होते. दुसऱ्या खुर्चीचा विषय मात्र कोणाच्याच पटलावर येत नाही.

मीरा-भाईंदर हे झपाट्याने वाढलेले शहर आहे. ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ मध्ये येथे नगरपालिका झाली आणि २००२ मध्ये महापालिका. २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आत असलेली लोकसंख्या २०११ मध्ये आठ लाखांच्या पुढे गेली. या वाढीतील मध्यमवर्गाने खासगी शाळांची वाट धरली. ज्यांना ते शुल्क परवडत नाही, अशा घरांतील मुले महापालिकेच्या मराठी, हिंदी, उर्दू व गुजराती माध्यमांच्या शाळांत जातात. म्हणजेच ज्या मुलांच्या घरी दिवसा चौकशीला येऊ शकेल असे माणूस बहुधा नसते, त्यांच्याच शाळांत जबाबदारीची साखळी सर्वांत तोकडी आहे.

उपमुख्याध्यापक हे पद महाराष्ट्राला अपरिचित नाही. खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि त्याखालील १९८१ ची नियमावली यांत मुख्याध्यापकाखाली उपमुख्याध्यापक व पर्यवेक्षक या पदांची तरतूद आहे. मात्र ही पदे मोठ्या माध्यमिक शाळांसाठीच आहेत. अशा शाळेत गेलेल्या कोणालाही या पदाचे काम ठाऊक असते. वेळापत्रक लावणे, रजेवरील शिक्षकाच्या तासिकेला दुसरा शिक्षक पाठवणे, टाचणवह्या तपासणे, परीक्षांचे नियोजन, उशिरा येणाऱ्यांची दखल, पालकांच्या तक्रारी ऐकणे, ही सारी त्याची कामे. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत एका सत्राचा कारभार बहुधा त्याच्याच हाती असतो. मुख्याध्यापक शाळेचा चेहरा असेल, तर उपमुख्याध्यापक तिचा दिनक्रम असतो.

प्राथमिक शाळेच्या बाबतीत मात्र शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची केवळ मुख्याध्यापकापाशी थांबते, आणि तोही पटसंख्या असेल तरच. पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेहून अधिक मुले असतील आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरहून अधिक असतील, तरच त्या त्या स्तरावर मुख्याध्यापक अपेक्षित आहे. त्याखालच्या शाळेत सेवाज्येष्ठ शिक्षकाकडे ‘प्रभारी’ म्हणून कारभार येतो. आपला वर्ग सांभाळून त्याने कार्यालयही सांभाळायचे असते.

हा निकष खेड्यातील एकट्या शाळेला शोभणारा आहे. शहरातील पालिका शाळांचे स्वरूप निराळे असते. महानगर प्रदेशात एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांच्या शाळा भरणे ही नवलाची गोष्ट नाही. असे समजू की, एका इमारतीत मराठी माध्यमाची १४०, हिंदीची १३० आणि उर्दूची १२० मुले पहिली ते पाचवीत शिकत आहेत. अनुसूचीनुसार या तीन शाळांना अनुक्रमे पाच, पाच आणि चार शिक्षक मिळतील. पण मुख्याध्यापक एकालाही मिळणार नाही. इमारतीत ३९० मुले, चौदा शिक्षक आणि त्यांतील तिघे वर्ग सोडून कार्यालयात येरझाऱ्या घालणारे, असे चित्र तयार होते. फाटक एक, पाण्याची टाकी एक, स्वच्छतागृहे सामाईक. पण त्यांची जबाबदारी मात्र तीन प्रभारींत विभागलेली. सामाईक गोष्टींना धनी नसतो, हा आपला नेहमीचा अनुभव येथेही येतो.

यावर ‘तिन्ही शाळा कागदोपत्री एक करा’ असा सोपा उपाय सुचवला जाईल. तो फसवा आहे. ३९० मुलांची एकच शाळा धरली, तर चाळीस मुलांमागे एक शिक्षक या हिशेबाने दहा शिक्षक आणि एक मुख्याध्यापक एवढेच किमान मनुष्यबळ उरते. मुख्याध्यापक मिळाला तरी चार शिक्षक जाणार आणि तीन माध्यमांचे पाच-पाच वर्ग उरलेल्यांनी सांभाळायचे, हा सौदा मुलांच्या हिताचा नाही. म्हणूनच प्रश्न शाळा जोडण्याचा नसून इमारतीच्या कारभारासाठी स्वतंत्र माणूस नेमण्याचा आहे.

हा कारभार गेल्या दोन दशकांत किती वाढला, हेही पाहिले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळांत शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. मुलांना वाढण्यापूर्वी ते शिक्षकाने चाखून पाहावे, असा दंडक आहे. शहरांत अन्न बहुधा मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून येते. ते किती वाजता आले, किती आले, कसे होते याची नोंद कोणीतरी ठेवायची असते. युडायसची माहिती, ‘सरल’वरील नोंदी, आधार जुळणी आणि आता विद्यार्थ्यांचे ‘अपार’ क्रमांक, ही कामे वर्षभर चालू असतात. पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षा २०२३ च्या निर्णयाने परत आल्या; त्यात अनुत्तीर्ण होणाऱ्यांसाठी पूरक मार्गदर्शन आणि फेरपरीक्षाही आली. कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून मुक्त केले खरे. पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांचा अपवाद त्याच कलमात आहे. शिक्षक या कामांवर गेला की त्याच्या वर्गाचे काय करायचे, हा प्रश्न पुन्हा प्रभारीच्याच टेबलावर येतो.

सर्वांत गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यातील बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवरील अत्याचाराचा प्रकार उघडकीस आला आणि जनक्षोभ उसळला. त्यानंतर शासनाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि सखी सावित्री समिती यांबाबत शाळांना नव्याने आदेश दिले. हे आदेश आवश्यकच होते. परंतु तक्रारपेटी उघडणारा, चित्रीकरण तपासणारा आणि समितीची बैठक लावणारा माणूस कोण, हे ठरल्याखेरीज आदेश भिंतीवरच्या फलकापुरते उरतात. पोक्सो कायदा तर याहून पुढे जातो. हाताखालच्या कर्मचाऱ्याने केलेला गुन्हा पोलिसांना न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद व दंडाची शिक्षा त्यात सांगितली आहे. म्हणजे वर्गावर शिकवणारा प्रभारी शिक्षक प्रमुखाची जोखीम उचलतो; त्याला प्रमुखाचे अधिकार नसतात आणि वेळही नसतो.

पहिली खुर्ची भरणेही आता अवघड होण्याची चिन्हे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालात, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असे म्हटले. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना त्या परीक्षेविना सेवेत राहता येईल. पण पदोन्नती हवी असेल तर तीही अट आहे. मुख्याध्यापकपद पदोन्नतीने भरले जाते आणि पदोन्नतीच्या रांगेत पुढे असतात ते ज्येष्ठ शिक्षक. ही रांग अडली तर प्रभारींची संख्या वाढेल, हे सांगायला ज्योतिषी नको. निकालाच्या गुणदोषांची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी. पण तोवर शाळा चालवायची कोणी, याचा विचार शिक्षण विभागाला आजच करावा लागेल.

इतरत्र या प्रश्नाची उत्तरे शोधली गेली आहेत. केंद्रीय विद्यालयांत प्राचार्यांच्या जोडीला उपप्राचार्य असतो आणि प्राथमिक विभागासाठी वेगळा मुख्याध्यापक. दिल्ली सरकारने गेल्या दशकात आपल्या शाळांत इस्टेट मॅनेजर नेमले, ते इमारत, स्वच्छता आणि दुरुस्तीचा भार प्राचार्यांच्या खांद्यावरून उतरावा म्हणून. अमेरिकेतील सार्वजनिक शाळांत १९९०-९१ ते २०१५-१६ या काळात सहायक मुख्याध्यापकांची संख्या सुमारे ४४ हजारांवरून ८१ हजारांवर गेली. तेथील संशोधकांनी वॅलेस फाउंडेशनसाठी २०२१ मध्ये घेतलेल्या आढाव्यात एक इशाराही आहे. या पदाच्या कामाची ठोस व्याख्याच नसल्याने शाळेगणिक त्याचे स्वरूप बदलते, असे त्यांना आढळले.

हा इशारा आपल्यालाही लागू आहे. पद निर्माण केले आणि काम ठरवले नाही, तर उपमुख्याध्यापक हा जास्त पगाराचा लिपिक होईल. आपल्या माध्यमिक शाळांतही काही ठिकाणी हे पद निवृत्तीपूर्वीचा विसावा ठरते, अशी टीका होते आणि ती सर्वस्वी निराधार नाही. शिवाय खर्चाचा मुद्दा आहेच. महापालिकेला नवे पद निर्माण करायचे तर राज्य शासनाची मंजुरी घ्यावी लागते, आणि आस्थापना खर्चाचे कारण पुढे करून असे प्रस्ताव वर्षानुवर्षे पडून राहतात.

तरीही दोन पावले लगेच टाकता येण्याजोगी आहेत. पहिले असे की, महापालिकेने प्रत्येक शाळा-इमारतीसाठी मुख्याध्यापकाच्या अनुपस्थितीत जबाबदार राहणाऱ्या एका शिक्षकाचे नाव लेखी आदेशाने निश्चित करावे. त्याच्या तासिका कमी कराव्यात आणि त्याचे अधिकार त्या आदेशातच नमूद करावेत. ही माहिती फाटकावर व शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात असावी. या समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्यांनी हा विषय लावून धरला तर तो टाळणे प्रशासनाला सोपे जाणार नाही. दुसरे पाऊल म्हणजे माहिती भरण्याची कामे शिक्षकांकडून काढून दोन-तीन इमारतींमागे एका लिपिकाकडे द्यावीत. उपमुख्याध्यापकाच्या पदापेक्षा हा खर्च कमी आहे आणि त्याने वाचणारा वेळ थेट वर्गाला मिळतो.

दीर्घकालीन उत्तर मात्र निकष बदलण्यातच आहे. शहरातील शाळेचे मनुष्यबळ ठरवताना माध्यमनिहाय पटाबरोबर इमारतीतील एकूण मुले, सत्रे आणि वर्ग यांचाही विचार झाला पाहिजे. संचमान्यतेच्या तक्त्यात त्यासाठी एक रकाना वाढवण्याचा हा प्रश्न आहे. त्याला इच्छाशक्ती लागते, आयोग लागत नाही.

शाळेच्या गुणवत्तेची चर्चा आपण निकालाच्या टक्केवारीवर करतो. जेसल पार्कहून लोकलने कामाला जाणाऱ्या पालकाची गरज त्याहून साधी आहे. दुपारी शाळेत दूरध्वनी केला, तर ‘मोठ्या बाई बाहेर गेल्या आहेत, पण मी आहे’ असे अधिकाराने म्हणणारे कोणीतरी पलीकडे असावे. एवढेही आश्वासन देता येत नसेल, तर पालिका शाळांची पटसंख्या का घसरते, याचे कारण शोधायला फार दूर जायला नको.