‘आपला माणूस’ म्हणून किती झाकायचे?



मोशे कत्साव यांचे नाव निघाले की आपल्यातले काही वडीलधारे अजून हळहळतात. “पूर्वेकडचा यहुदी इतका वर चढला, ते वरच्यांना बघवले नाही,” हे आम्ही लग्नाच्या मांडवातही ऐकले आहे. आम्हांला ते मुळीच मान्य नाही.

इराणात जन्मलेला हा मनुष्य किर्यात मलाखीचा महापौर झाला आणि २००० साली शिमोन पेरेसांना हरवून राष्ट्राध्यक्ष झाला, याचा अभिमान आपणही बाळगला. पण तेल अवीवच्या न्यायालयाने ३० डिसेंबर २०१० रोजी त्यांना बलात्काराबद्दल दोषी ठरवले ते त्यांच्या कुळामुळे नव्हे. त्यांच्या हाताखालच्या बायकांची साक्ष तीनही न्यायाधीशांनी खरी मानली. सर्वोच्च न्यायालयानेही पुढल्या वर्षी अपील फेटाळले. त्या बायकांचे कुळ मात्र कोणी हळहळून विचारले नाही!

आणि हा न्याय तरी सहजी झाला काय? २००६ साली प्रकरणाला तोंड फोडले ते कत्सावांनीच. एक जुनी कर्मचारी आपल्याला धमकावते, अशी तक्रार घेऊन तेच सरकारी महाधिवक्त्यांकडे गेले. २००७ साली तडजोड ठरली, बलात्काराचा आरोप गळणार होता आणि तुरुंग टळणार होता. लोक तेल अवीवच्या चौकात जमून ओरडले, तरी तडजोड मोडली ती २००८ साली स्वतः आरोपीने. म्हणजे त्यांचा ताठा आड आला नसता तर सात वर्षांची शिक्षा झालीच नसती. यंत्रणेचे कौतुक करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. त्याच २००७ साली एका सैनिक मुलीचे जबरीने चुंबन घेतल्याबद्दल दोषी ठरलेले हाईम रामोन त्याच उन्हाळ्यात उपपंतप्रधान झाले.

ज्या रामलेत आपली इतकी घरे आहेत, तिथल्याच मासियाहू तुरुंगात कत्साव डिसेंबर २०११ मध्ये गेले, पाच वर्षांनी सुटले. विषय तिथे संपत नाही. १९६४ साली रब्बींच्या निर्बंधांविरुद्ध आपली माणसे जेरुसलेमात रस्त्यावर उतरली, तेव्हा “मोठ्या माणसांविरुद्ध बोलू नये” असे कोणी म्हणाले नाही. मग मशिदीचा मुकादम, मंडळाचा अध्यक्ष, नोकरी लावून देणारा ओळखीचा फोरमन यांच्याबद्दल एखादी मुलगी बोलली की तिच्या आईलाच का गप्प करतात? “लग्न जमायचे आहे पोरीचे,” म्हणे!

१९९८ च्या कायद्याने पंचविसाहून जास्त कामगार असलेल्या मालकाला लैंगिक छळाविरुद्धचे नियम कामगारांसमोर लावावे लागतात. आपल्या मंडळांत तेवढे पगारी लोक नाहीत, हे आम्हांलाही कळते. तरी तो कागद लावायला कोणी बंदी केलेली नाही. पुढल्या सर्वसाधारण सभेत तो भिंतीवर लागावा, आणि तक्रार ऐकायला कार्यकारिणीच्या नात्यातल्या नसलेल्या दोन बायका नेमाव्यात. ठराव कोण मांडतो आणि कोण हात वर करत नाही, हे आम्ही बघणार आहोत.