मागची सीट कुणासाठी?

गणपतीचं जेवण झालं की आमच्याकडची पुरुषमंडळी पार्किंग लॉटमध्ये जमतात. शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांतला हा दरवर्षीचा कार्यक्रम. हातात कागदी कपातला चहा आणि तोंडी एकच विषय: कुणी कोणती गाडी घेतली. गेल्या वर्षी विषय मी होतो. माझ्या जुन्या गाडीनं मान टाकली होती आणि रोज ऑफिसला जायला मी दोघींपैकी एक घेणार होतो. टोयोटाची जीआर ८६, नाहीतर माझदाची एमएक्स-५, जिला अमेरिकेत सगळे मियाटाच म्हणतात. दोन्ही स्पोर्ट्स कार, दोन्ही जपानी, दोन्हींत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना, दोन्हींत हातानं टाकायचे सहा गिअर, आणि किंमत तीस हजार डॉलरच्या आसपास सुरू होणारी.

पार्किंग लॉटचा निकाल पाच मिनिटांत लागला. ‘शहाऐंशी घे. ४७ हॉर्सपॉवर जास्त आहे आणि मागे सीट आहे.’

मी मियाटा घेतली. वर्ष होत आलं, पण खटला अजून बंद झालेला नाही. जो भेटतो तो विचारतो, ‘शहाऐंशी का नाही घेतलीस?’ आवडीनं घेतली एवढं उत्तर मला पुरतं, त्यांना पुरत नाही. ठीक आहे. मग त्यांच्याच दोन कारणांशी भांडू. कारण ही दोन कारणं मला फक्त गाडीपुरती वाटत नाहीत.

पहिलं कारण ४७ हॉर्सपॉवरचं. आकडे खरे आहेत. शहाऐंशीचं इंजिन २.४ लिटरचं, २२८ हॉर्सपॉवर. मियाटाचं २ लिटरचं, १८१. फरक ४७. पण पार्किंग लॉटमध्ये एक आकडा कुणी काढत नाही, तो म्हणजे वजन. मियाटा साधारण १,०६५ किलो, शहाऐंशी १,२७५ च्या घरात. म्हणजे दोनशे किलोंहून जास्त फरक. तीन धडधाकट माणसं कायमची आत बसवून फिरल्यासारखं. आता भागाकार करा. टनामागे मियाटाला १७० हॉर्सपॉवर, शहाऐंशीला १७९. ४७ चे झाले ९. जास्तीची बहुतेक ताकद गाडी स्वतःलाच ओढण्यात खर्च करते. हिशोबाच्या गोष्टी करणाऱ्यांनी निदान हिशोब तरी पूर्ण करावा.

आणि हे नऊसुद्धा मी कुठं वापरणार? माझा रोजचा रस्ता ऑग्डेन अव्हेन्यू. नेपरव्हिलहून निघायचं, लाइल, डाउनर्स ग्रोव्ह ओलांडायचं, पंधरा-सोळा मैल. सिग्नलमागून सिग्नल, वेग ताशी पस्तीस ते पंचेचाळीस मैल. इलिनॉय हा सपाट मुलुख, रस्ते पट्टीनं आखलेले. वळण म्हणून जे काही मिळतं ते चौकात. शहरात गेलो तर लेकशोर ड्राइव्ह, तिथंही मर्यादा चाळीस मैलांची. म्हणजे ज्याला आपण ‘डेली ड्रायव्हर’ म्हणतो त्याची सगळी परीक्षा ताशी चाळीस मैलांच्या आत होते. गाडीच्या जाहिराती, व्हिडिओ आणि पार्किंग लॉटमधल्या गप्पा मात्र शंभरच्या पुढच्या. मुलगी रोज सकाळी डबा घेऊन जाणार आणि आपण तिला भरजरी शालू घेतो, त्यातला प्रकार.

हलकी गाडी चाळीसलाही जिवंत असते. पहिल्यातून दुसरा गिअर टाकताना, चौकात डावीकडे वळताना, खड्डा चुकवताना हाताला आणि बुडाला काहीतरी कळत असतं. माझदाच्या लोकांनी यासाठी ‘जिंबा इत्ताई’ हा शब्दप्रयोग धरला: घोडा आणि स्वार एकच. १९७९ मध्ये बॉब हॉल नावाच्या अमेरिकी मोटार-पत्रकारानं माझदाच्या केनिची यामामोतोंना साधी, हलकी, उघडी दोन सीटची गाडी करायला सुचवलं. तशा ब्रिटिश गाड्या तोवर संपत आल्या होत्या. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९८९ मध्ये, ती गाडी जगापुढे आली ती आमच्याच शिकागोच्या ऑटो शोमध्ये. इंजिन १.६ लिटरचं, ताकद ११६ हॉर्सपॉवर. आजच्या पार्किंग लॉटनं तिला हसून घालवलं असतं. २०१६ मध्ये दहा लाखावी मियाटा तयार झाली. दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये जगात सर्वांत जास्त खपलेली म्हणून गिनेस बुकात तिचं नाव आहे.

शहाऐंशी वाईट आहे असं मी म्हणत नाही. उलट तिचं घराणं मला फार आवडतं. तिचं नाव ज्या जुन्या कोरोला घराण्यातल्या एई ८६ वरून आलं, ती ‘इनिशियल डी’ या मांगात एका पोराच्या हातात असते आणि तो पोरगा तिच्यातून पहाटे तोफू पोचवायचं काम करतो. यापेक्षा जास्त ‘डेली’ गाडी कोणती? २०१२ मध्ये ८६ पहिल्यांदा आली तेव्हा तिला २०० हॉर्सपॉवर होते आणि टायर होते प्रियससारख्या सोज्वळ हायब्रीड गाडीला शोभणारे. मुद्दामच. पकड कमी ठेवली की कमी वेगातही गाडी खेळवता येते, हा बनवणाऱ्यांचा विचार. गिऱ्हाइकांना तो पटला नाही. दहा वर्षं एकच ओरड: ताकद कमी आहे. शेवटी २०२२ च्या मॉडेलला मोठं इंजिन मिळालं. म्हणजे माझा मुद्दा शहाऐंशीनंच आधी मांडला होता. आपणच तो तिच्या तोंडून काढून घेतला.

तुम्ही महिन्यातून दोनदा जोलिएटच्या ट्रॅकवर जात असाल, तर बेशक शहाऐंशी घ्या. मागची सीट पाडली की टायरचे चार जोड नव्हे, पण चार सुटी चाकं आत मावतात. हे तिचं खरंखुरं कौतुक. तुमची उंची सहा फुटांच्या वर असेल, तर मियाटात गुडघे स्टेअरिंगला लागतील. घरात लहान मूल असेल आणि दुसरी गाडी नसेल, तर या दोन्ही विसरा. माझ्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं.

मग उरतं दुसरं कारण. मागची सीट.

शहाऐंशीच्या मागच्या सीटवर कधी बसून बघा. मी शोरूममध्ये बसलो. पुढचा माणूस नीट बसला तर मागच्याचे पाय जायला जागा नाही, आणि मान काचेखाली वाकवावी लागते. ती सीट आपल्याला चांगली ओळखीची आहे. ‘या की एकदा घरी जेवायला,’ असं म्हणून वार आणि पत्ता न सांगणारं जे आमंत्रण असतं, ती ही सीट. बोलावलं तर आहे, पण येऊ नका.

बरं, मग ती लोकांना हवी कशाला? माझ्या मते ती माणसं बसवायला नसतेच. ती सबब बसवायला असते. तीस-पस्तिशीच्या माणसानं ‘मला ही गाडी चालवायला मजा येते म्हणून घेतोय’ असं चारचौघांत म्हणणं आपल्याकडे बेजबाबदारपणाचं लक्षण आहे. मजेला कामाची पावती जोडावी लागते, ऑफिसात बिल लावतात तशी. मागे सीट आहे, उद्या लग्न झालं तर, आईबाबा आले तर, चार सामान आणायचं तर. घरात चांगले कप पाहुण्यांसाठी राखून ठेवायचे आणि आपण आयुष्यभर कान तुटलेल्या कपातून चहा प्यायचा, हे ज्यांनी शिकवलं त्यांचीच ही पोरं. फरक इतकाच की आता कप तीस हजार डॉलरचा आहे.

ही टीका मी लांब उभा राहून करत नाहीये. मलाही सबब लागत होती आणि ती मागणारा माणूस घरातलाच होता.

माझे वडील, आप्पा, एसटीत ड्रायव्हर होते. कोल्हापूर-रत्नागिरी, आंबा घाट, बत्तीस वर्षं. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या शेजारी, इंजिनाच्या गरम झाकणाजवळ बसून जायचो. घाटात बस पंचवीस-तीसच्या वर जायची नाही, पण आप्पांचे हातपाय एक क्षण रिकामे नसायचे. आवाज ऐकून गिअर टाकायचे. गाडी चालवणं म्हणजे काय हे मी त्या वेगात शिकलो. फोनवर त्यांना दोन सीटचं सांगितलं, तर थोडं थांबून म्हणाले, “आम्ही पन्नास माणसं मागं घेऊन गाडी चालवली. तुझ्या मागं कोणच नाही? मग तुझी आई कुठं बसायची?”

याला उत्तर नव्हतं. पार्किंग लॉटला देता येतं, आप्पांना नाही. त्या रात्री मी शहाऐंशी बुक करायच्या बेतात होतो. मग विचार केला, आई खरंच त्या सीटवर बसेल? तिचे गुडघे दुखतात. दोन दारांच्या गाडीत पुढची सीट पाडून, वाकून, मागे शिरणं तिला या जन्मी जमणार नाही. म्हणजे मी आईच्या नावानं एक अशी सीट घेणार होतो जिच्यावर आई बसू शकत नाही. आईला त्याचा उपयोग शून्य. उपयोग मला, तिचा विचार केला असं सांगायला. त्यापेक्षा सरळ दोन सीटची घ्यावी आणि खरं बोलावं.

उन्हाळ्यात दोघं आले. लांब जायचं होतं त्या दहा दिवसांसाठी मी मोठी गाडी भाड्यानं घेतली. शिकागोला आम्ही नेपरव्हिलहून मेट्राच्या ट्रेननं गेलो. आईला वरच्या मजल्यावरची खिडकी इतकी आवडली की परतताना तीच हवी म्हणाली. बाकी दिवस आळीपाळीनं. वर्षातले दहा दिवस लागणाऱ्या सीटा उरलेले ३५५ दिवस ओढत फिरण्याचा खर्च कुणी काढतं का? अमेरिकेत एका गाडीत सरासरी दीड माणूस असतो. मियाटात दीड माणूस आरामात मावतो.

आणखी एक आक्षेप असतो आणि तो खोटा नाही: ‘एवढ्याशा गाडीत, एवढ्या मोठ्या ट्रकांच्या मध्ये भीती नाही वाटत?’ वाटते. सिग्नलला शेजारच्या पिकअपचं चाक माझ्या खांद्याला येतं. पण या भीतीवर सगळ्यांनी एकच औषध घेतलं, त्याच्याहून मोठी गाडी. आणि ते औषध रस्त्यावर चालणाऱ्याला बाधलं. अमेरिकेत २००९ मध्ये चार हजारांच्या थोडे वर पादचारी मेले होते. २०२२ मध्ये साडेसात हजारांच्या घरात. त्याला कारणं बरीच आहेत. पण इन्शुरन्स कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये दाखवून दिलं की चाळीस इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीनं धडक दिली, तर उतरत्या, बुटक्या बॉनेटच्या गाडीपेक्षा माणूस मरण्याची शक्यता साधारण ४५ टक्क्यांनी जास्त असते. माझी भीती घालवायला दुसऱ्याचा जीव तारण ठेवायचा, हा सौदा मला नको.

तोटे आहेतच. डिकीत दोन बॅगा मावतात, तिसरी मांडीवर. हायवेवर कापडी छतातून एवढा आवाज येतो की फोनवर बोलणं सोडून दिलंय. थंडीत बर्फाचे टायर वेगळे लागतात, आणि रस्त्यावरच्या मिठानं तळ गंजू नये म्हणून दर आठवड्याला धुवावी लागते. पण मे महिन्यातल्या सकाळी, सिग्नलला उभं असताना, एका हातानं छत मागे टाकता येतं. रोजच्या गाडीतली ही रोज मिळणारी गोष्ट आहे. २२८ हॉर्सपॉवर रोज मिळत नाहीत. ते फक्त असतात.

या दोन्ही गाड्या भारतात अधिकृतपणे विकत नाहीत, तेव्हा पुण्या-मुंबईत बसून हे वाचणाऱ्याला वाटेल, आपला काय संबंध. उद्या सकाळी सिग्नलला थांबाल तेव्हा आजूबाजूच्या सात सीटच्या गाड्यांत माणसं किती ते मोजा. आणि पुढची गाडी, फोन, घर, कोर्स, काहीही घेताना यादीतल्या प्रत्येक ‘उद्या लागलं तर’ पुढे एक प्रश्न लिहा: हे खरंच लागणार आहे, की मला फक्त कारण हवंय?

आप्पा परत जायच्या आधीच्या रविवारी मी त्यांना आणि आईला आमच्या ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगमध्ये घेऊन गेलो, दोन फेऱ्या करून. आप्पांना चावी दिली. इथं गिअर उजव्या हाताला. त्यांचा डावा हात दोनदा दारावर आपटला. मग सवय झाली. दुसरा गिअर त्यांनी आवाज ऐकूनच टाकला. ताशी वीस मैल, त्यापुढे नाहीच. चार चकरा झाल्यावर गाडी आईसमोर थांबवली आणि मला म्हणाले, “उतर तू. हिला फिरवून आणतो.”

मी उतरलो. आई बसली.