अडणारा घोडा आणि नवा स्वार

'चढेल तो पडेल आणि पोहेल तो बुडेल' ही म्हण आपल्याकडे पडलेल्याचें सांत्वन करण्यासाठीं नेहमीं सांगितली जाते. म्हण खोटी नाहीं. पण ती अपुरी आहे. पडलेल्याच्या मनाचें पुढें काय करावयाचें, हें ती सांगत नाहीं. अंगावरची धूळ झटकतां येते, खरचटलेलें चार दिवसांत भरून येतें; परंतु मनांत बसलेली भीति अशी झटकून निघत नाहीं. घोड्यावरून उडी घेण्यास शिकणाऱ्या मुलामुलींच्या बाबतींत हा प्रश्न फार ठळकपणें पुढें येतो. कारण येथें एक मन नसून दोन मनें असतात, एक स्वाराचें व दुसरें घोड्याचें. त्यांतून घोडा अडेल, बुजरा किंवा लहरी असला, तर स्वाराचा धीर कसा वाढवावा, याविषयीं चार विचार वाचकांपुढें ठेवावे, असा या लेखाचा हेतु आहे. माझें मत आरंभींच सांगतों: धीर नुसत्या उपदेशानें येत नाहीं, टोमण्यानें तर नाहींच नाहीं. लहान लहान उड्या नीट पार पडत गेल्या म्हणजे त्यांच्या सांठ्यांतूनच धीर निर्माण होतो.

हा विषय आमच्या राजारामपुरींत कशाला, असें कोणी विचारील. आज येथील गल्ल्यांतून टापांचा आवाज येत नाहीं, हें खरें. परंतु ज्या करवीर नगरींत राजर्षि शाहू महाराजांनीं (१८७४–१९२२) घोड्यांचा व शिकारीचा शौक जोपासला, आणि जिच्या इतिहासाचीं पानें मराठी घोडदळाच्या पराक्रमानें भरलीं आहेत, तेथील मुलांना घोडा परका कसा असेल? शिवाय येथील कित्येक विद्यार्थी पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत जाण्याची आकांक्षा धरतात, आणि तेथील शिक्षणांत घोडेस्वारीचा अंतर्भाव आहे. तेव्हां आपल्या मुलांपैकीं कोणावर तरी हा प्रसंग येणारच.

प्रथम घोड्याकडे पाहूं. घोडा अडला कीं आपण त्यास द्वाड म्हणून मोकळे होतों. वस्तुतः अडणें ही त्याची भाषा आहे. घोडा हें पळून जाऊन जीव वाचविणारें जनावर आहे. अनोळखी वस्तु दिसली कीं आधीं दूर व्हावें आणि मग ती निरखावी, हा त्याचा स्वभाव. मोगलांचे घोडे पाणी पिईनासे झाले म्हणजे 'पाण्यांत संताजी-धनाजी दिसतात कीं काय?' असें स्वार त्यांस विचारीत, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलों. तींत घोड्याच्या बुजण्याची खरी ओळख आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळें त्याला जवळ जवळ चोहोंकडचें दिसतें; मात्र कपाळाच्या अगदीं समोरची थोडी जागा त्याला दिसत नाहीं. म्हणून उडीच्या ऐन क्षणीं अडथळा त्याच्या दृष्टीआड होतो. दुरून बांधलेल्या अंदाजावर आणि पाठीवर बसलेल्या माणसावर भरंवसा ठेवूनच त्याला झेंप घ्यावी लागते. इतका भरंवसा आपण तरी कोणावर सहज ठेवूं काय?

प्लुटार्कनें सांगितलेली शिकंदराची गोष्ट प्रसिद्धच आहे. बुसिफालस नांवाचा घोडा कोणासच जवळ येऊं देईना. तो आपल्याच सावलीस भितो, हें शिकंदरानें ओळखलें. त्याचें तोंड सूर्याकडे वळविलें, त्यास चुचकारलें, आणि मग तो त्यावर स्वार झाला. या गोष्टींत आपण शौर्याचें कौतुक करतों. पण त्या मुलाचें यश आधीं नीट पाहण्यांत होतें. तोच क्रम आपण घ्यावा. घोडा अडूं लागला तर आधीं दुखणें पाहावें: खोगीर पाठीस लागतें काय, तोंडांत दांत टोंचतात काय, पाय किंवा पाठ दुखते काय. हें मोतद्दारास व पशुवैद्यास विचारल्यावांचून चाबूक उचलणें हा अन्याय होय. मग अडथळा पाहावा: तो फार उंच आहे, नवा आहे, कीं त्यावर विचित्र सावली पडली आहे? आणि त्यानंतर तितक्याच बारकाईनें स्वार पाहावा.

स्वार भ्याला म्हणजे काय होतें? त्याची नजर खालीं अडथळ्यावर खिळते, श्वास कोंडतो, पाय सैल पडतात आणि हात लगाम घट्ट धरतात. घोड्याच्या दृष्टीनें पाहावें तर त्याला एकाच वेळीं 'जा' आणि 'थांब' असे दोन हुकूम मिळतात. इतकेंही करून त्यानें उडी घेतली, तर लगामाचा हिसका त्याच्या तोंडास बसतो. आज्ञा पाळल्याचें बक्षीस म्हणून वेदना मिळते. पुढच्या खेपेस तो अडला, तर लहरी कोण, घोडा कीं स्वार? इटलीच्या घोडदळांतील फेदेरीको काप्रिल्ली (१८६८–१९०७) या अधिकाऱ्यानें हें मर्म ओळखलें. त्याच्या पूर्वींचे स्वार उडीच्या वेळीं अंग मागें टाकून लगाम ताणीत. त्यानें पाठीवर स्वार नसलेल्या घोड्यांच्या उड्या निरखल्या आणि ठरविलें कीं, घोड्यानें स्वाराशीं जुळवून घेण्यापेक्षां स्वारानें घोड्याशीं जुळवून घ्यावें. रिकिबी आंखूड, अंग किंचित् पुढें, आणि हात घोड्याच्या तोंडामागोमाग जाणारे, अशी बैठक त्यानें रूढ केली. आज जगभर उडीची बैठक तिच्यावरच आधारलेली आहे.

आतां प्रत्यक्ष उपाय. पहिले कांहीं दिवस उडीचें नांवच काढूं नये. जमिनीवर सुमारें साडेचार फुटांच्या अंतरानें दांड्या आडव्या टाकाव्या व त्यांवरून दुडक्या चालीनें घोडा न्यावा. घोड्याची लय व स्वाराचा श्वास सुरळीत झाला म्हणजे दोन दांड्यांची लहानशी फुली उभारावी आणि तिच्या सुमारें नऊ फूट अलीकडे एक दांडी जमिनीवर ठेवावी. म्हणजे घोड्यास झेंप कोठून घ्यावी हें आपोआप कळतें आणि स्वाराच्या मनांतील अर्धी शंका नाहींशी होते. घोड्याच्या गळ्यांत एक पट्टा असावा. तोल गेला तर स्वारानें तो धरावा, लगामास लोंबकळूं नये. नजर अडथळ्यापलीकडच्या एखाद्या झाडावर ठेवावी. डोक्यावर शिरस्त्राण असल्यावांचून खोगिरावर बसूंच नये. उंची वाढवावयाची ती इतकी थोडी कीं, कालच्या उडीपेक्षां आजची निराळी वाटूं नये. आणि एक चांगली उडी झाली कीं घोड्यास थोपटून त्या दिवसाचें काम संपवावें. 'आणखी एकदां' हा मोह पुष्कळदां दिवसभराची कमाई घालवितो.

यांतही नवा स्वार आणि नवा घोडा अशी जोडी लावूं नये. घोडा नवा असेल तर स्वार मुरलेला हवा. स्वार नवा असेल तर घोडा शहाणा हवा. म्हणून अडणारा घोडा कांहीं दिवस जाणत्या चाबूकस्वाराकडे सोंपवावा आणि मुलास तोंवर एखाद्या समजूतदार म्हाताऱ्या घोड्यावर बसवावें. कित्येक पालकांस यांत कमीपणा वाटतो. परंतु पोहावयास शिकवितांना आपण मुलास पंचगंगेच्या पुरांत ढकलीत नाहीं. मग येथेंच घाई कां?

यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो: 'पडला कीं तत्काळ पुन्हां चढवावा, नाहीं तर भीति कायमची बसते, आणि घोड्यापुढें एकदां हार मानली कीं तो डोक्यावर बसतो.' या म्हणण्यांत सत्याचा अंश आहे. भीतीस फार दिवस मोकळें सोडलें तर ती मूळ धरते. आणि अडल्याबरोबर काम संपतें, असें घोड्यास कळलें तर तोही तें ध्यानांत ठेवतो. पण पुन्हां चढणें निराळें आणि त्याच उंचीस पुन्हां भिडणें निराळें. ज्यास डोक्यास मार बसला असेल त्यास त्या दिवशीं चढवूंच नये. ज्यास मार नाहीं त्यास अवश्य चढवावें. मात्र दांडी जमिनीवर टाकून, चालत चालत पार करण्यासाठीं. घोडा पुढें गेला, स्वार बसून राहिला, एवढा विजय त्या दिवसास पुरे. दांडी खालीं आणण्यास हार म्हणणें ही मोठ्या माणसांच्या अभिमानाची भाषा आहे.

चिली देशांतील हुआसो या घोड्याचें उदाहरण येथें घेण्यासारखें आहे. हा घोडा शर्यतींत नांवारूपास आला नाहीं. स्वभावानेंही तो तापट होता. परंतु ५ फेब्रुवारी १९४९ रोजीं कॅप्टन आल्बेर्तो लार्रागीबेल यांनीं त्याच घोड्यावरून २.४७ मीटर, म्हणजे आठ फुटांहून अधिक उंच उडी घेतली. तो जागतिक विक्रम अद्यापि मोडलेला नाहीं. त्या दिवशीं पहिले दोन प्रयत्न फसले होते, तिसरा साधला. तिसऱ्या वेळीं दोघांस एकमेकांवर विसंबतां आलें, तें त्यामागच्या दीर्घ तयारीमुळें. आपल्या देशांतही हें काम सबुरीचेंच ठरलें आहे. २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकांत इम्तियाझ अनीस उतरले. त्यानंतर भारताचा घोडेस्वार ऑलिंपिकांत दिसला तो २०२१ सालीं झालेल्या टोकियोच्या स्पर्धेंत. ते बंगळूरचे फवाद मिर्झा अंतिम फेरीपर्यंत पोंचून तेविसावे आले.

पालकांस माझी एक विनंती आहे. मैदानाच्या कडेला उभे राहून 'घाबरतोस काय?' असें ओरडूं नये. तो घाबरला आहे, हें त्यास तुमच्याहून अधिक ठाऊक आहे. त्याऐवजीं 'आज काय जमलें?' असें घरीं आल्यावर विचारावें. गणितांत मागें पडलेल्या किंवा सभेंत बोलतांना अडखळणाऱ्या मुलासही हाच प्रश्न उपयोगी पडतो; कारण वर्गांतही अडणारीं मनें असतात आणि तेथेंही दांडी कांहीं काळ खालीं आणणें हेंच शिक्षकाचें कौशल्य असतें.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वांट्यास असा घोडा आला तर त्याची निंदा करीत बसूं नका. त्यास काय सलतें तें शोधा, आपले हात हलके ठेवा, आणि आज जेवढी दांडी निश्चित पार होईल तेवढीच लावा. उद्यां ती दोन बोटें वर चढविण्यास तुम्हां दोघांचीही तयारी असेल.