बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते, फोनच्या खोक्यावर का नाही?

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी बाबांना आणि भाच्याला घेऊन लक्ष्मी रोडला गेलो होतो. काम दोघांचं एकच, मोबाईल. भाच्याला नवीन घ्यायचाच होता आणि बाबांना अजिबात घ्यायचा नव्हता. घरी आलो तेव्हा बाबांच्या हातात नवा फोन होता आणि भाच्याच्या हातात जुनाच. हे उलटं कसं झालं ते सांगतो, कारण त्यातून मला एक मागणी करायची आहे. पोस्ट लांबली तर सांभाळून घ्या.

आधी बाबांचं. वय ७६. फोन २०१८ च्या दिवाळीतला, अकरा हजारांचा. वापर म्हणाल तर बोलणं, व्हॉट्सॲप, पेन्शन जमा झाली का ते बघायला बँकेचं ॲप आणि दूधवाल्याला, रिक्षावाल्याला यूपीआय. काचेवर ओरखडा नाही. रोज रात्री रुमालाने पुसून ठेवतात. महिन्याभरापूर्वी बँकेच्या ॲपने कळवलं की तुमच्या फोनवर आम्ही यापुढे चालणार नाही. बँकेत चौकशी केली तर उत्तर मिळालं, "काका, फोन बदला."

दुकानातल्या मुलाने फोन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "काका, हा संपलाय."

बाबा म्हणाले, "संपलाय म्हणजे? चालू आहे की! आत्ता रिक्षाचे पैसे यावरूनच दिले."

मलाही वाटलं, दिवाळीचे दिवस आहेत, पोरगा माल खपवतोय. म्हणून मी स्वतः सेटिंग्ज उघडून 'अबाउट फोन'मध्ये गेलो. तिथे अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेटची एक ओळ असते. बाबांच्या फोनवर तिथे लिहिलं होतं, मार्च २०२१.

खरं सांगतो, पोटात गोळा आला. साडेचार वर्षं! साडेचार वर्षं माझ्या बापाची पेन्शन अशा फोनवर होती, ज्याची राखण करणं कंपनीने कधीच सोडून दिलं होतं. आणि हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. ना कंपनीने, ना दुकानदाराने, ना बँकेने. घरात मी 'कॉम्प्युटरमधला' म्हणवतो, मीही कधी पाहिलं नव्हतं.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये चोरवाटा सापडत राहतात. गूगल दर महिन्याला अँड्रॉइडमधल्या अशा चोरवाटांची यादी जाहीर करतं आणि त्या बुजवायची दुरुस्तीही देतं. ती दुरुस्ती आपापल्या फोनपर्यंत पोचवायचं काम फोन बनवणाऱ्या कंपनीचं. कंपनीने ते थांबवलं तर फोन बंद पडत नाही. दार तसंच, कडी तशीच. फक्त ती कडी बाहेरून कशी काढायची हे आता गावभर छापून आलेलं असतं.

आता भाच्याचं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फोन २०२३ चा, चांगल्यापैकी महागातला. सप्टेंबरमध्ये कोरेगाव पार्कात ॲपलचं दुकान उघडलं, पाठोपाठ आयफोन १७ आला, तेव्हापासून त्याच्या डोक्यात तेच. किंमत ८२,९०० रुपये. त्याचं म्हणणं, "मामा, नो-कॉस्ट ईएमआय आहे, जाणवत पण नाही. आणि माझा हा फोन आजोबांना होईल की."

शेवटचा मुद्दा बिनतोड वाटतो ना? आपल्या प्रत्येक घरात हे असंच चालतं. लेकाचा जुना फोन बापाला, बापाचा आईला. म्हणून मी त्याला विचारलं, तुझ्या फोनला झालंय काय? म्हणाला, संध्याकाळी चारलाच चार्जिंग संपतं. त्याच्या कंपनीच्या साइटवर पाहिलं, तर त्या मॉडेलला २०२८ पर्यंत सुरक्षा अपडेट. म्हणजे फोन ठणठणीत, फक्त बॅटरी थकलेली. फोनमधली लिथियम बॅटरी साधारण पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते, तशी ती आली होती. तो ओढण्याचा पदार्थ आहे, स्कूटरच्या टायरसारखा. टायर झिजला म्हणून आपण स्कूटर बदलतो का?

आणि 'जाणवत पण नाही' म्हणे. ८२,९०० भागिले चोवीस, महिन्याला जवळजवळ साडेतीन हजार, दोन वर्षं. जाणवणार कोणाला, तर माझ्या बहिणीला. शून्य व्याज नावाची गोष्ट नसते, ते प्रोसेसिंग फीच्या आडून वसूल होतं, हे रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकातच बँकांना बजावलं होतं. तेव्हापासून दुकानात पाटी बदलली, 'झिरो पर्सेंट' जाऊन 'नो-कॉस्ट' आलं. रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट सोडून द्यायची, फी भरायची, क्रेडिट कार्डाच्या हप्त्यातल्या व्याजावर जीएसटी भरायचा, आणि वर म्हणायचं फुकट.

तर गंमत बघा. ज्याचा फोन खरोखर बदलायला हवा होता त्याला त्याचा पत्ता नव्हता, आणि ज्याला गरज नव्हती तो रांगेत पहिला. दोघेही मूर्ख नाहीत. दोघांनाही तीच एक माहिती मिळाली नव्हती, हा फोन कधीपर्यंत सांभाळला जाणार. ती माहिती नसली की उरते फक्त जाहिरात.

म्हणून 'नवीन घेऊ का' असं कोणी विचारलं की मी हल्ली तीनच प्रश्न विचारतो. एक, सुरक्षा अपडेट अजून येतंय का? येत नसेल आणि त्या फोनवर पैशांचे व्यवहार असतील तर बदला, कंजूषपणा नको. दोन, तक्रार फोनची आहे की त्यातल्या एका भागाची? बॅटरी, काच, चार्जिंगचं पोर्ट हे सगळं बदलता येतं. तीन, नवीन यंत्र असं कोणतं काम करणार आहे जे तुम्ही रोज करता आणि जुन्यावर अडतं? 'कॅमेरा भारी आहे' हे उत्तर लग्नाचे फोटो काढणाऱ्याने दिलं तर मान्य. आपण काढतो ते फोटो शेवटी व्हॉट्सॲपवर दाबून, बारीक होऊनच जातात.

लॅपटॉपचंही तेच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. म्हणजे २०१७-१८ ला सातव्या पिढीचा लॅपटॉप घेतलेल्यांना सांगितलं गेलं की तुमचं यंत्र बाद. टायपिंग करतं, टॅली चालवतं, मुलांचे क्लास चालवतं, तरी बाद. लगेच भंगारात टाकू नका. विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात, त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. नुसतं ब्राउझर आणि टायपिंग असेल तर लिनक्स टाकूनही तो लॅपटॉप कितीतरी वर्षं चालेल. पण इथेही दुखणं तेच आहे. विंडोज १० ची ही तारीख मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फार आधीपासून होती. तुम्ही लॅपटॉप घेतला तेव्हा कोणत्या दुकानदाराने ती सांगितली?

आता माझी मागणी. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते. औषधाच्या पट्टीवर असते, ती नसेल तर आपण दुकानदाराशी भांडतो. फोनच्या खोक्यावरसुद्धा वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे किंमत, उत्पादनाचा महिना आणि कोणत्या देशात बनला ते छापावं लागतं. मग त्याच स्टिकरवर आणखी एक ओळ छापायला काय हरकत आहे: 'सुरक्षा अपडेट अमुक महिना, अमुक साल पर्यंत'. बस, एवढीच ओळ.

लगेच कोणीतरी म्हणेल, अहो, असं कुठे होत नाही. होतं. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच आहे, फोन असो की घरातला स्मार्ट कॅमेरा, किमान किती काळ सुरक्षा अपडेट देणार ते उत्पादकाला जाहीर करावं लागतं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नवीन मॉडेलवर दुरुस्ती किती सोपी आहे याची श्रेणी असलेलं लेबल लागतं, सुटे भाग सात वर्षं मिळायला हवेत आणि त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट द्यावे लागतात. तिथे विकणाऱ्या बऱ्याचशा कंपन्या इथेही विकतात. तिथे जमतं ते इथे का जमू नये?

दुसरा आक्षेप: कंपन्या किंमत वाढवतील. तर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ ला आणि २०२४ मध्ये सॅमसंगने एस२४ ला सात वर्षं अपडेट देऊ असं छातीठोक सांगितलं. म्हणजे तारीख सांगता येते. महागड्या फोनची तारीख जाहिरातीत मोठ्या अक्षरात येते, आणि दहा-बारा हजारांच्या फोनची शोधायला कंपनीच्या साइटवर तळापर्यंत जावं लागतं. आणि दहा-बारा हजारांचा फोन घेतं कोण? पेन्शनर, घरकाम करणाऱ्या मावशी, नुकता नोकरीला लागलेला पोरगा. ज्यांचा एक महिन्याचा पैसा गेला तर घर हलतं, तेच अंधारात.

न सांगणं हा छोटा अपराध नाही. आयफोन ६, ६एस वगैरेंची बॅटरी थकली की सॉफ्टवेअरनेच फोनचा वेग कमी केला जातो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं. फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसं केलं, असं त्यांचं म्हणणं. असेलही. पण लोकांना वाटलं फोन म्हातारा झाला, नवीन घ्या, आणि खरा उपाय होता बॅटरी बदलणं. फ्रान्सने २०२० मध्ये त्यांना अडीच कोटी युरोचा दंड केला तो नेमका यासाठी, ग्राहकाला सांगितलं नाही म्हणून.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. मे २०२५ मध्ये एका समितीने फोन आणि उपकरणांना दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक द्यावा असा अहवाल दिला, त्यात सुटे भाग आणि सॉफ्टवेअर अपडेट दोन्हींचा विचार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात माहिती मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. म्हणजे पाया तयार आहे. फक्त अहवाल कपाटात जाऊ द्यायचा नाही, आणि ते काम आपलं आहे. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी याच पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. त्या शहरातल्या गिऱ्हाइकाने 'काय भाव?' एवढंच विचारून गप्प बसावं?

शेवट आमच्या खरेदीचा. भाच्याच्या फोनची बॅटरी तपकीर गल्लीत बदलून घेतली, २,८०० रुपये, पाऊण तास. तो दोन दिवस फुगून बसला होता, काल स्वतःच म्हणाला, "मामा, रात्री अकराला तीस टक्के शिल्लक आहे." बाबांना भाच्याचा जुना फोन नकोच होता ("तो खिशात मावत नाही, आणि २०२८ ला परत तुझ्या मागे फिरायचं का?"). त्यांच्यासाठी सोळा हजारांचा घेतला, सहा वर्षं अपडेट देऊ असं कंपनीने जाहीर केलेला.

पैसे देताना बाबा म्हणाले, "अपडेटची तारीख बिलावर लिहून द्या."

मुलगा हसला. "काका, असं कोणी लिहून घेत नाही."

"मग मी पहिला. मी बसतो, तुम्ही शोधा."

दिवाळीची गर्दी, आणि बाबा स्टुलावर बसून. दहा मिनिटांनी त्या मुलाने कंपनीच्या साइटवर पाहिलं आणि पेनने बिलावर लिहिलं, 'अपडेट २०३१ पर्यंत'. खाली दुकानाचा शिक्का. त्याला कायद्याने किती अर्थ आहे देव जाणे, पण त्या मुलाला आता ती तारीख कुठे शोधायची ते माहीत झालं. पुढच्या गिऱ्हाइकाला तो कदाचित स्वतःहून सांगेल.

तेव्हा दोन कामं करा. आज रात्री आईबाबांचा फोन हातात घ्या, सेटिंग्जमधली ती एक ओळ वाचा आणि फोन कधी घेतला व तिथे कोणती तारीख आहे ते खाली कमेंटमध्ये लिहा. आणि पुढच्या वेळी काहीही घ्याल, फोन, लॅपटॉप, टीव्ही, तर पैसे देण्याआधी म्हणा, "तारीख बिलावर लिहून द्या." एकाने म्हटलं तर हसतील. लक्ष्मी रोडवर शंभर जणांनी म्हटलं, तर छापून येईल.