उंची गाडी

मराठीत 'उंची' हा शब्द मोठा गमतीचा आहे. कापड उंची असते, अत्तर उंची असते आणि सोयरीक जुळवताना मुलाचीसुद्धा उंची बघतात. एकूण, जे वर ते चांगले अशी आपली साधीभोळी समजूत. ह्या समजुतीला सुरुंग लावला तो आमच्या बिलोलीच्या तरुण मंडळींनी. त्यांच्या मते मोटार जितकी बुटकी तितकी ती उंची! कारखान्यातून आली तशीच गाडी वापरणे म्हणजे थोरल्या भावाचा ढगळ कोट घालून स्वतःच्या लग्नात उभे राहणे.

हे मत बाळगणाऱ्यांत माझा सख्खा पुतण्याही आहे. त्याच्याकडे २०१८ सालची स्विफ्ट आहे, आणि गेले सहा महिने तो एकाच विवंचनेत आहे : लोअरिंग स्प्रिंगा बसवाव्यात की कॉइलओव्हर? दहावीनंतर सायन्सला जावे की आर्ट्सला, ह्या प्रश्नाला त्याने सहा मिनिटेही दिली नव्हती. मी गाडीखाली वाकून बघू लागलो की विचारतो, "काय बघलालाव काका?"

ज्यांच्या घरी असा पुतण्या नाही, अशा सुदैवी वाचकांसाठी थोडे शास्त्र सांगतो. लोअरिंग स्प्रिंग म्हणजे आखूड स्प्रिंग. आखूड झाल्यावर तिला दबायला जागा कमी, म्हणून ती जास्त ताठ करावी लागते. शॉकॲब्सॉर्बर मात्र जुनाच. तो घडला लांब स्प्रिंगच्या मापाने. आता बिचारा बुटक्या छपराखाली अडकलेल्या उंच पाहुण्यासारखा कायमचा अर्धा वाकून उभा राहतो आणि लवकरच तेल गाळू लागतो. कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर ही जोडी एकमेकांच्या मापाने घडवलेली असते. नळीला आटे असतात, चकती फिरवली की गाडी खाली-वर होते. किंमत अर्थात स्प्रिंगांच्या कितीतरी पट. ज्यांना दोन्ही परवडत नाही त्यांच्यासाठी तिसरा मार्ग आहे : मूळ स्प्रिंगचा एक वेढा ग्राइंडरने कापायचा, नाहीतर ती गॅसने तापवून खाली बसवायची. तापवले की पोलादाचे पाणी उतरते. विळ्याला पाणी देणाऱ्या आमच्या लोहाराला जे कळते, ते गाडीवाल्याला कळू नये ह्याचे नवल वाटते.

आता न्यायाने बोलायचे तर ह्या खटाटोपात अर्थ मुळीच नाही असे नाही. गाडी खाली आली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर ती कमी कलते. ग्रेटर नोएडाला २०११ साली शर्यतीचा जो गुळगुळीत रस्ता झाला, तिथे हे अवश्य करावे. जर्मनीत तर लोक गाडी खाली घेतात, रीतसर तपासून घेतात आणि त्याची नोंद गाडीच्या कागदांवर करून घेतात. पण नरसीकडे जाताना असे कोणते वळण लागते, जिथे गाडी कलल्यामुळे पुतण्याची शर्यत हुकते? समोरून म्हैस आली तर तिला गुरुत्वमध्य दाखवायचा काय?

आमच्या रस्त्यांची तऱ्हाच वेगळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरचे डांबर तिच्यासोबत उठाबशा काढते. उरलेसुरले काम मांजरेच्या वाळूने भरलेले टिप्पर करतात. आपल्या पूर्वजांनी बैलगाडीला छातीएवढे चाक लावले आणि आख चिखलाच्या वर ठेवला, तो काही लग्नाच्या वरातीत मिरवायला नव्हे.

शिवाय गतिरोधक! इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली त्याचे माप ठरवून दिले : उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७० मीटर. स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर २.४५ मीटर. म्हणजे अशा गतिरोधकावर चारही चाके एकदम चढतात आणि गाडीचे पोट सुखरूप राहते. पण गावकऱ्यांनी रातोरात घातलेला गतिरोधक शेताच्या बांधासारखा अरुंद असतो, तो दोन्ही चाकांच्या मधे अख्खा उभा राहतो. स्विफ्टच्या पोटाखाली जागा १६३ मिलिमीटर. त्यातले ४० पुतण्याने काढले की उरले १२३. गतिरोधक पाच इंची, म्हणजे १२७. हा हिशेब मी त्याला पाटीवर करून दाखवला. तो म्हणाला, "तिरपी काढायची काका, सगळेच काढतेत."

कायद्याचेही सांगून पाहिले. कारखान्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये म्हटले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुतण्याने एवढेच विचारले, "चार स्प्रिंगा म्हणजे एक बदल का चार?" पोरगा वकील व्हायचा राहून गेला.

त्याचा शेवटचा मुद्दा ठरलेला : हौसेला मोल नसते. कबूल! मीही हौसेचा शत्रू नाही. गाडीला पट्टे ओढा, आरशाला लिंबू-मिरची बांधा, मागच्या काचेवर आईवडिलांचा आशीर्वाद लिहा. पण गाडीची उंची ही एकट्या मालकाची मिळकत नाही, असे माझे ठाम म्हणणे आहे. आमच्याकडे गाडी दिवसा मालकाची आणि रात्री गल्लीची असते. नांदेड पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. मध्यरात्री कोणाला कळा सुरू झाल्या, कोणाची छाती दुखली, की ज्याच्या दारात गाडी त्याचे दार वाजते.

गेल्या पावसाळ्यात गल्लीतल्या एका आजी न्हाणीत घसरल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. त्या रात्री मिळाली ती एका पोराची 'बसवलेली' गाडी. आता अशा गाड्यांची रीत अशी की गतिरोधक आला की मंडळींनी उतरायचे, हलकी गाडी तिरपी काढायची आणि मग परत बसायचे. आम्ही सगळे उतरलो. आजींना कोण उतरवणार? प्रत्येक गतिरोधकाला गाडीचे पोट खरवडायचे आणि आजी पदराचा बोळा दातांत धरायच्या. नायगावच्या अलीकडे त्या पोराला म्हणाल्या, "लेकरा, गाडी तुझी लई चांगली हाय रे. पन मला बैलगाडीत घाल." ते पोरगे पुढे नांदेडपर्यंत एक शब्द बोलले नाही. गाणे तर त्याने केव्हाच बंद केले होते.

म्हणून स्प्रिंग की कॉइलओव्हर ह्या प्रश्नाला माझे उत्तर : दोन्ही नको. अगदीच राहवत नसेल तर कॉइलओव्हर घ्यावे आणि त्याची चकती फिरवत फिरवत गाडी पुन्हा कारखान्याच्या उंचीवर आणून ठेवावी. पैसे खर्च झाल्याचे समाधान मिळेल आणि आजींचीही सोय होईल. आणि काहीतरी खाली आणल्यावाचून चैनच पडत नसेल, तर गावोगावचे ते बांध आहेत. ते सरकारी मापात आणा. अर्ज मी लिहून देतो; सह्या तेवढ्या पुतण्याने फिरून गोळा कराव्यात, आणि फिरायला सध्याच्याच उंचीची गाडी न्यावी.