मैत्रीची साखळी की साखळीची मैत्री?

तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

"संध्याकाळी मोकळा आहेस ना? एका ठिकाणी जायचंय. काय ते तिथंच कळेल."

मित्रहो, हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? वसतिगृहात, कँटीनमध्ये, माळीवाडा स्टँडवर गाडीची वाट पाहताना ते कुणी ना कुणी आपल्याला ऐकवलेले असते. ऐकवणारा परका नसतो. तो आपला वर्गमित्र असतो, गाववाला असतो, नाहीतर मावसभाऊ असतो. म्हणूनच आपण 'नाही' म्हणत नाही. 'भीड ही भिकेची बहीण' असे जुनी माणसे म्हणत. त्या म्हणीचा अर्थ मला गेल्या वर्षी कळला, आणि तो कळायला थोडा उशीर झाला. त्या उशिराची कबुली द्यावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

माझा खोलीतला जोडीदार पाथर्डी तालुक्यातला. घरची जमीन जिरायती. दसरा झाला की आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. दोन वर्षे आम्ही एका डब्यात जेवलो. एक दिवस तो इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालून खोलीवर आला आणि मला सावेडीतल्या एका हॉलमध्ये घेऊन गेला. दारातच चार जणांनी हस्तांदोलन केले. आत टाळ्या, घोषणा, मोठ्या आवाजातली गाणी. आमच्याच वयाचा एक मुलगा माईक घेऊन सांगत होता की, त्याचे वडील हमाल होते आणि आता त्याच्या दारात चारचाकी उभी आहे. योजना अशी : बारा हजार रुपये भरायचे, त्याबद्दल काही वस्तूंचा संच मिळणार, मग आपल्याखाली सहा माणसे जोडायची, त्या सहांनी प्रत्येकी सहा जोडायची, आणि आपण घरी बसून पैसे मोजायचे. कंपनीचे नाव सांगत नाही. नावे बदलत असतात, योजना तीच राहते.

मला त्यातला फोलपणा तेव्हाच जाणवला होता. पण परत येताना त्याने विचारले, "मग काय ठरलं?" आणि मी म्हणालो, "घरून पैसे यायचेत. पुढच्या महिन्यात बघू." हे खोटे होते. खरे बोललो तर तो दुखावेल, या भीतीने मी खोटे बोललो आणि स्वतःचे बारा हजार वाचवले. महिन्याभरात त्याने आमच्याच मजल्यावरची प्रथम वर्षाची दोन मुले त्यात ओढली. एकाने शिष्यवृत्तीचे पैसे भरले, दुसऱ्याने खाणावळीसाठी घरून आणलेले. मला ते ठाऊक होते. मी गप्प राहिलो. आज हिशेब मांडतो तेव्हा वाटते, त्या दोघांच्या नुकसानीत माझ्या मौनाचाही वाटा आहे.

आता मुद्द्याचे बोलू. ही योजना का चालत नाही? त्यासाठी मोठे अर्थशास्त्र नको, चौथीतला गुणाकार पुरे. एकाने सहा, सहांनी छत्तीस, छत्तीसांनी दोनशे सोळा. असे करत गेले तर आठव्या ओळीत १६ लाख ७९ हजार ६१६ माणसे लागतात आणि नवव्या ओळीत एक कोटीच्या वर. २०११ च्या जनगणनेत आपल्या संपूर्ण जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार होती, तीही तान्ह्या मुलांसकट. म्हणजे अकोल्यापासून जामखेडपर्यंत एकूण एक माणूस सभासद झाला तरी नववी ओळ भरणार नाही. साखळी कुठेही तुटली तरी एक गोष्ट ठरलेली : सर्वांत खालच्या ओळीत दर शंभरांपैकी सुमारे त्र्याऐंशी माणसे असतात, आणि त्यांच्या खाली कुणीच नसते. वरच्या थोड्यांना जे मिळते ते या त्र्याऐंशींच्या खिशातून. माईकवरचा मुलगा कदाचित खरे बोलत असेल, पण त्याच्या चारचाकीचे हप्ते कोण भरतो, ते तो सांगत नाही.

यावर मित्र म्हणतात, "मग भिशीत तरी काय वेगळं असतं? तिथंही माणसंच पैसे भरतात." नाही, फार वेगळे असते. भिशीत दहा जणी पैसे भरतात आणि दहाही जणींचा नंबर लागतो. नवी अकरावी बाई आली नाही म्हणून कुणाचे बुडत नाही. याहून मोठे उदाहरण तर आपल्याच मातीतले आहे. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ अध्यक्ष म्हणून पाठीशी उभा राहिला आणि १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. तेव्हाही एका शेतकऱ्याने दुसऱ्या शेतकऱ्याला 'सभासद हो' असेच सांगितले असेल. परंतु त्या सभासदाच्या शेतात ऊस होता आणि कारखान्यातून साखर बाहेर पडत होती. सहकारात पुढे काय बिघडले, हा वेगळा विषय. पण तिथे माणसे जोडून माल तयार केला जाई. या साखळीत माणूस हाच माल! वस्तूंचा संच ही नुसती वर चढवलेली झूल.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. घरोघरी जाऊन वस्तू विकणे गैर नाही. मसाले, पापड विकून कित्येक माउलींनी मुले शिकवली आहेत. थेट विक्रीच्या कंपन्यांसाठी केंद्र सरकारने २८ डिसेंबर २०२१ रोजी नियम काढले. त्यांत माल विकण्यास मुभा आहे आणि माणसावर माणूस रचणाऱ्या पिरॅमिड योजनांना बंदी आहे. ओळखण्याची खूण साधी आहे. पैसा बाहेरच्या गिऱ्हाइकाला माल विकून येतो, की नवा सभासद आत आला म्हणून येतो? दुसरे असेल तर दूर राहावे.

बंदी काही आजची नाही. बक्षीस चिठ्ठ्या आणि पैसा फिरवण्याच्या योजना यांना बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९७८ सालचा आहे. त्यात योजना चालवणारा तर दोषी आहेच, पण इतरांना सभासद करून घेणारा आणि तीत भाग घेणाराही दोषी ठरू शकतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपला मित्र फसलेला असतो हे खरे, पण ज्या दिवशी तो दुसऱ्याला आत ओढतो त्या दिवसापासून तो नुसता फसलेला राहत नाही. हे कटू आहे, पण त्याला कुणीतरी सांगायला हवे.

शेजारच्या नाशिकचे उदाहरण पाहा. 'केबीसी मल्टिट्रेड' या कंपनीने तीन वर्षांत पैसे तिप्पट करून देण्याचे आमिष दाखवले, आणि नवे गुंतवणूकदार आणणाऱ्याला कमिशन ठेवले. नाशिकपासून मराठवाड्यातल्या जिल्ह्यांपर्यंत लोकांनी पैसे भरले. २०१४ मध्ये गुन्हे दाखल झाले तेव्हा कंपनीचे चालक पतिपत्नी सिंगापुरात होते. २०१६ च्या मे महिन्यात ते मुंबईत परतले तेव्हा पकडले गेले. मधल्या काळात गावात कोण होते? ज्याने भावकीला, सोयऱ्यांना, शाळेतल्या सोबत्यांना पैसे भरायला लावले तो एजंट! कंपनीचा पत्ता लोकांना ठाऊक नव्हता, त्याच्या घराचा मात्र होता. आणि २०२४ साली आपल्याच जिल्ह्यात, शेवगाव तालुक्यात, शेअर बाजाराच्या नावाने भरमसाट परताव्याचे आमिष दाखवून अनेकांना गंडवल्याचे गुन्हे नोंदले गेले. प्रकार वेगळा, आमिष तेच. हे केवळ आपल्याच लोकांच्या भोळेपणामुळे घडते असेही नाही. युरोपातल्या अल्बानिया देशात १९९७ साली अशाच योजना एकामागून एक कोसळल्या, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, सरकार गडगडले आणि दंगलींत शेकडो माणसे मेली.

मग आपला मित्र तिथे का जातो? तो मूर्ख आहे म्हणून? मुळीच नाही. माझा जोडीदार माझ्यापेक्षा हुशार आहे. पदवी घेऊनही नोकरी नाही, स्पर्धा परीक्षांच्या जाहिराती वर्षानुवर्षे निघत नाहीत, आणि कोयता खाली ठेवायची आईवडिलांची वाट मुलाच्या पगाराकडे लागलेली. अशा वेळी त्या हॉलमध्ये कुणीतरी त्याला 'सर' म्हणते. जन्मात पहिल्यांदा! त्या एका शब्दासाठी त्याने बारा हजार भरले, असे मला आता वाटते. आपल्या महाविद्यालयाच्या फलकावर 'कमवा आणि शिका' योजनेची सूचना लागते. तिथे तासाला मोजके पैसे मिळतात, पण ते घामाचे असतात. ते काम करणाऱ्या मुलाकडे आपण कसे पाहतो? बागेला पाणी घालताना तो दिसला की आपण हसतो आणि टाय लावून आला की वळून बघतो. हा दोष साखळीवाल्यांचा नव्हे, आपला आहे.

तेव्हा मित्राशी वागावे कसे? मी ठेच लागून जे शिकलो ते सांगतो.

पहिले, नकार खरा द्यावा. 'पैसे नाहीत', 'घरी विचारतो', 'परीक्षेनंतर बघू' हे नकार नव्हेत, ती पुढच्या भेटीची आमंत्रणे आहेत. त्यांच्या सभांमध्ये अशा प्रत्येक सबबीवरचे उत्तर पाठ करून घेतात. पण "मला हे पटत नाही, मी यात येणार नाही, आणि तू उद्याही माझ्याबरोबर जेवायला बसणार आहेस" या वाक्यावर उत्तर नाही.

दुसरे, चारचौघांत त्याची टिंगल करू नये. आमच्या मजल्यावर त्याला 'करोडपती' म्हणू लागले. परिणाम एवढाच झाला की तो रात्री उशिरापर्यंत त्या मंडळींतच बसू लागला. कारण तिथे कुणी हसत नव्हते. आपण दार लावले की साखळीवाले त्याला सांगतात, "बघ, तुझे मित्र तुझ्या प्रगतीवर जळतात." आपण त्यांचे म्हणणे खरे का करावे?

तिसरे, वाद घालू नये, वही काढावी. किती भरले, किती परत आले, जाण्यायेण्याला, सभेच्या तिकिटांना, चहापाण्याला किती गेले. आम्ही एका रात्री हा हिशेब मांडला. तो काही बोलला नाही. वही मात्र उशाखाली ठेवून झोपला.

चौथे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे : तो ज्यांना जोडू पाहतो त्यांना आपण सावध केले पाहिजे. मित्राची भीड ठेवून धाकट्यांना बुडू देणे ही मैत्री नव्हे. हे मी केले नाही. पैसे बुडालेच तर पावत्या आणि मोबाइलवरचे निरोप जपून ठेवावेत, आणि लाज न बाळगता पोलिसांकडे तक्रार करावी. गप्प बसणाऱ्यांच्या जिवावरच साखळी पुढच्या गावाला जाते.

गुरुजनांनाही एक नम्र विनंती आहे. वर्गात मागणी-पुरवठ्याचे वक्र आपण आम्हांला शिकवता. वर्षातून एक तास या गुणाकारासाठी द्यावा, तोही जून-जुलैत, नवी मुले शिष्यवृत्तीचे आणि खाणावळीचे पैसे खिशात घेऊन येतात तेव्हा.

माझ्या जोडीदाराचे पुढे काय झाले, असे कुणी विचारील. त्याचे पैसे आले नाहीत. टाय ट्रंकेत गेला. दिवाळीनंतर त्याने एका दुकानात हिशेब लिहिण्याचे काम धरले. पहिला पगार झाला त्या संध्याकाळी तो मला म्हणाला, "चल, एका ठिकाणी जायचंय." या वेळी कुठे, ते त्याने आधीच सांगितले. आम्ही दोघे त्या प्रथम वर्षाच्या मुलांच्या खोलीवर गेलो. त्याने दोघांच्या हातात पाचपाचशे रुपये ठेवले आणि वहीत लिहून घेतले. तेवीस हजार अजून बाकी आहेत. त्यांतले थोडे मी देतो म्हणालो, तर त्याने ऐकले नाही. पण दर महिन्याला मला बरोबर मात्र नेतो.