वाचा आणि उघडून पाहा

सप्तशृंगगडाच्या परिसरात वसलेल्या वणीत संगणक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. परंतु कोणती कळ दाबावी एवढेच शिकलेला माणूस यंत्राचा धनी नव्हे, गिऱ्हाईक होय. ही उणीव वाचनाने भरून काढता येण्याजोगी आहे.

‘हॅकर’ म्हटले की आपल्यापुढे चोरच उभा राहतो. स्टीव्हन लेव्ही यांचे ‘हॅकर्स’ (१९८४) हा गैरसमज दूर करते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत यंत्र समजून घेऊन ते सुधारणाऱ्या विद्यार्थ्यांना हे नाव होते. तेथीलच नील गर्शनफेल्ड यांचे ‘फॅब’ (२००५) सामान्य माणूस हवी ती वस्तू स्वतः कशी घडवू शकेल, हे सांगते. ही परदेशची नवलकथा नव्हे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळला विज्ञान आश्रम स्थापला आणि एमआयटीच्या सहकार्याने २००२ मध्ये तेथे फॅब लॅब उभी राहिली. पाबळही खेडेच आहे.

अर्थात, आपले यंत्र उघडणे निराळे आणि दुसऱ्याच्या संगणकात विनापरवाना शिरणे निराळे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अप्रामाणिक हेतूने केलेली अशी घुसखोरी गुन्हा ठरविली आहे. हा विवेकही विद्यार्थ्यांना शिकवावयास हवा.

ही पुस्तके मूळ इंग्रजी आहेत. वाचनालयांनी ती घ्यावीत, शिक्षकांनी मराठीत उलगडून सांगावीत आणि शेजारी एक जुना संगणक व पेचकस ठेवावा. उघडून पाहण्याची भीती गेली, की निम्मे शिक्षण झालेच!